माळाकडची बाजू

फाल्गुन लागला की आमच्या गॅलरीत काळ्या काड्या येऊन पडतात. जळक्या गवताच्या. बोटभर लांब, वजन नावालाही नाही, हात लावला की भुगा. धुणं वाळत घातलेलं असेल तर त्यावर रेघा उमटतात आणि आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटावर भांडणं सुरू होतात. कुणी शेजारच्या बांधकामाला दोष देतं, कुणी कचरा जाळणाऱ्यांना. मी काही लिहीत नाही. मला ठाऊक असतं, त्या काड्या सिंहगडाच्या मागच्या रांगांवरून वाऱ्यावर बसून आलेल्या असतात. तिकडे कुठेतरी डोंगर पेटलेला असतो.

मग मी धुणं काढायचं सोडून कठड्याला टेकून उभी राहते. सुहास, माझा नवरा, आतून विचारतो, "चहा टाकू का?" बाकी काही विचारत नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणूस कधी काय विचारू नये एवढं तरी शिकतोच.

लोकांना पाऊस आठवतो, आंबा आठवतो, दिवाळीची थंडी आठवते. मला मात्र आठवतात ते होळीच्या आगेमागचे पंधरा दिवस, जे कुणालाच नको असतात. ऊन चावायला लागलेलं, ओढे आटलेले, डोंगर नुसते पिवळे. पळस तेवढा फुललेला, आणि करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुलं. त्या दिवसांत वेल्ह्याच्या डोंगरात हवेला एक वास असतो, वाळलेल्या गवताचा, किंचित गोड, दूरवर कुणीतरी भाजणी भाजत असावं तसा. त्या वासाची मला भूक लागते. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

माझे वडील, अण्णा, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांची शाळा पालीच्या पलीकडच्या एका वाडीत, आणि आमचं बिऱ्हाड मार्गासनीला, दोन खोल्यांचं. मागच्या पायरीवर बसलं की समोर डोंगराची रांग दिसायची. दिवेलागणीला त्या रांगेवर लाल रेघ उमटायची, वाकडीतिकडी, हळूहळू वर सरकणारी. आई म्हणायची, "लागला गं बाई पुन्हा." आम्हा भावंडांना मात्र ती शोभा वाटायची. कोणती रेघ आधी माथ्यावर पोचते यावर आमच्या पैजा लागायच्या. अण्णा चिडायचे. डोंगर जाळला की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं, हा तिकडचा जुना समज. अण्णा दरवर्षी फळ्यावर चित्र काढून तो खोडून काढायचे, पोरं माना डोलवायची, आणि त्याच आठवड्यात त्यातल्याच कुणाचा तरी बाप काडी लावायचा. अण्णा म्हणायचे, "माझी शिकवणी त्यांच्या उंबऱ्यापर्यंतच जाते."

एका घरात मात्र अण्णांना शिकवण्यासारखं काही नव्हतं. ते घर ठकूआत्याचं.

वाडीच्याही वर, डोंगराच्या खांद्यावर, धनगरांची तीन घरं. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात पोरांची नावं शाळेत घालायला अण्णा तिथवर चढून गेले आणि तापानं आडवे झाले. ओढ्याला पाणी, खाली उतरायची सोय नाही. आठ दिवस ठकूबाईनं त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं, वरईची पेज पाजली, काढे दिले. दिवाळीला भाऊबीजेच्या दिवशी ही बाई डोक्यावर तुपाचा डबा घेऊन डोंगर उतरून मार्गासनीला आमच्या दारात हजर. आईला म्हणाली, "वैनी, तुमच्या मालकास्नी ववाळाय आलीया." अण्णांना सख्खी बहीण नव्हती. तेव्हापासून झाली. मलाही दुसरी आत्या नाही, आणि तशी कधी उणीव वाटली नाही.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिच्याकडे जायचो. बुटकी, काटक, चालताना हात मागे बांधायची सवय. बोलायची कमी, पण म्हशींशी भरपूर. तिच्या घराच्या तीन अंगांना उतार आणि चौथ्या अंगाला सपाट माळ. त्या माळावरून समोर राजगड दिसतो, अगदी अंगावर आल्यासारखा. घर आणि माळ यांच्या मध्ये गवताच्या तीन गंजी. दिवाळी झाली की ती गवत कापायला लागायची ते संक्रांतीपर्यंत. भारे डोक्यावर आणून आणून घराएवढाल्या गंजी रचायची. चार म्हशी पाऊस पडेपर्यंत त्यावर निघायच्या. एकदा मी बालिशपणे विचारलं होतं, "आत्या, तुला खाली राहावंसं वाटत नाही?" तिनं गंजीवर थाप मारली. "ही गंज हाय तवर म्या हितं हाय," म्हणाली. नवरा गेल्यावर, मुलगा दत्तू नसरापूरला नोकरीला लागल्यावरही ती वरच राहिली ती त्या गंजींच्या जोरावर.

आणि गंजी राहायच्या त्या पट्ट्याच्या जोरावर. माघ महिन्यात, वारा नाही अशी सकाळ बघून, ती घराभोवती पट्टा जाळायची. मी पाहिलंय ते. शेजारची दोन माणसं हाताशी, प्रत्येकाकडे जांभळीचा नाहीतर हिरड्याचा ओला डहाळा. चार पावलं गवत पेटवायचं, लगेच दोन्ही कडांनी झोडपून विझवायचं, मग पुढची चार पावलं. घाई नाही, बोलणं नाही. दुपारपर्यंत घर, गोठा आणि गंजी यांच्या चारी बाजूंनी दहा-बारा पावलं रुंद काळा पट्टा तयार. पुढं फाल्गुनात सगळा डोंगर पेटला तरी आग त्या काळ्यापाशी येऊन मुकाट्यानं मरायची. "जळल्यालं पुन्यांदा जळत न्हाई," एवढंच तिचं शास्त्र. अण्णा म्हणायचे, वनखात्याच्या माणसांनी हिच्याकडे शिकायला यावं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा ओजस दहा वर्षांचा, सई सहाची. वर्गातल्या कुणीतरी तळ्याकाठी तंबूत राहून आल्याचे फोटो दाखवले आणि घरात धोशा सुरू झाला. सुहासनं उत्साहात निळा तंबू आणला, आणि आठवडाभर तो दिवाणखान्यात उभा करून पाहिला. कोचावर बसायचं तर तंबूतून रांगत जावं लागायचं. तेव्हा अण्णा आमच्याकडेच राहत होते, आई जाऊन तीन वर्षं झाली होती. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "तळ्याकाठी अनोळखी माणसांच्या रांगेत कशाला झोपायचं? ठकूचा माळ काय वाईट आहे?" म्हातारा माणूस एकदम खुलला. बॅटरी कुठली घ्यायची, वाट कुठून धरायची, नकाशा काढून पोरांना समजावायला लागला. आईच्या मागे मी त्यांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

मी आत्याला फोन केला. माघ चालू होता. तिचा मोबाईल एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तरच लागायचा, त्यामुळे ती दगडावर येईपर्यंत तीनदा लावावा लागला. आम्ही येणार म्हटल्यावर तिनं कोण कोण, किती दिवस, असं सगळं विचारून घेतलं. मग मी म्हणाले ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. म्हणाले, "आत्या, पट्टा जाळशील ना, तेव्हा माळाकडची बाजू तेवढी ठेव हं. तंबू तिथंच लावायचाय. काळ्यात मुलांचे कपडे खराब होतील, आणि पिवळ्या गवतात फोटो फार छान येतात."

ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "बरं बाय. ठिवते. पावणी काय राखंत निजवायची व्हय?"

मी फोन ठेवला आणि न्यायच्या सामानाच्या यादीत डासांचं मलम लिहिलं. मार्गासनीत वाढलेली बाई मी, मास्तरांची मुलगी. माळाच्या बाजूनंच दुपारचा वारा येतो हे मला कुणी सांगायला हवं होतं असं नाही. पण पुण्यात राहून राहून डोंगर म्हणजे फोटोच्या मागचा पडदा झाला होता. हे आज मी लिहिते आहे इतक्या सहज. तेव्हा कळलं असतं तर.

होळीच्या आधीच्या शनिवारी आम्ही गेलो. सकाळी लवकर निघून पालीच्या पुढे गाडी लावली आणि चढायला लागलो. अण्णा पुढे, काठी टेकत, पण कुणाला हात लावू न देता. वर पोचलो तर आत्या माळावरचे दगड वेचत होती. तंबूची जागा तिनं झाडूनसुद्धा ठेवली होती. गुडघाभर पिवळं गवत आणि मधोमध आम्हा पाच जणांना पुरेल एवढं मऊ अंथरूण, गवत दाबून दाबून केलेलं. घराच्या बाकीच्या तीन बाजूंना काळा पट्टा होता. तो मी पाहिला आणि मला इतकंच वाटलं की बरं झालं, आपण सांगितलं.

सुहास सूचनांचा कागद हातात धरून तंबू उभा करू लागला, अण्णा कागद न वाचता सूचना देऊ लागले. कांब्या उलट्या लागल्या, पुन्हा काढल्या. आत्या मागे हात बांधून भोवती फिरत होती. शेवटी उभा राहिला तेव्हा तिनं कापडाला बोट लावून पाहिलं. "आन ह्याचं दार कुठं?" सईनं तिला चेन उघडून दाखवली. आत्या चपला काढून, पदर सावरून आत शिरली आणि चक्क आडवी झाली. शेजारी सई. दोघींचे पाय बाहेर, एकीचे भेगाळलेले, एकीचे मोजे घातलेले. आतून आत्याचा आवाज आला, "आगं, हितं समदं निळंच दिसतंया!" आणि ती हसायला लागली. तिला असं हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. त्या हसण्यासाठी मी दर फाल्गुनात गॅलरीत उभी राहते, असं म्हटलं तरी चालेल.

दुपारी तिच्या ओसरीवर जेवलो. नाचणीची भाकरी, लसणीचा ठेचा, ताक, आणि मुलांसाठी तिनं राखून ठेवलेला खरवस. ओजसनं भाकरीला नाक मुरडलं आणि मग तीन खाल्ल्या. जेवण झाल्यावर सगळे लवंडले. रात्री चांदण्यात राजगड कसा दिसतो ते अण्णा नातवंडांना सांगत होते.

आधी कळलं ते आत्याला. ती भांडी घासता घासता थांबली, मान वर केली आणि नाकानं हवा ओढली. मग गोठ्यातल्या म्हशींनी माना वर केल्या. मला नेहमीचाच गोड वास येत होता, फक्त जरा दाट. मग आवाज आला, कढईत लाह्या फुटाव्यात तसा, पण दूरचा. दुपारच्या उन्हात आगीला रंग नसतो. माळाच्या टोकाला नुसती हवा थरथरत होती आणि तिच्यामागे राजगड वितळल्यासारखा हलत होता. कुणी लावला, कसा लागला, आजतागायत कळलेलं नाही. दरवर्षी लागतो तसा लागला.

"काळ्यात चला!" आत्या ओरडली. "पोरास्नी घिऊन मागल्या काळ्यात जावा! काळ्यावरनं हलायचं न्हाई!"

मी मुलांना ओढत घरामागच्या जळक्या पट्ट्यात नेलं. कपडे खराब होतील म्हणून जे काळं मला नको होतं, त्यातच मी पोरांना छातीशी धरून उभी राहिले. सईचे पांढरे मोजे घोट्यापर्यंत काळे झाले. ओजस रडत होता, त्याचे नवे बूट तंबूत राहिले होते. आत्यानं आधी म्हशी सोडल्या आणि काठीनं उताराला हाकलल्या. मग डहाळा तोडून ती माळाकडे धावली. शेजारची माणसं आली, सुहास गेला, आणि अण्णा. त्र्याहत्तर वर्षांचे अण्णा धोतराचा काचा मारून आग झोडपत होते. मी ओरडून त्यांना मागे बोलावत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

वारा त्यांच्या तोंडावर होता. गुडघाभर गवत, मऊ, कोरडं, कुणी न तुडवलेलं. आग त्यातून पळत आली. तंबू पेटलाही नाही, नुसता आक्रसला, खाली बसला आणि निळ्या गोळ्याचा काळा गोळा झाला. मग त्याच्यावरून पुढं बारा पावलं, आणि पहिली गंजी. गंजी लगेच पेटत नाही. आधी धुरकटते, आपल्याला वाटतं वाचली. मग एकदम सगळीच पेटते. एकामागून एक तिन्ही गेल्या.

घर वाचलं. अंगण शेणानं सारवलेलं होतं आणि माणसांनी जिवाच्या आकांतानं तेवढी कड धरून ठेवली. आग दोन्ही अंगांनी वळसा घालून पुढे आली आणि बाकीच्या तीन बाजूंच्या काळ्या पट्ट्यापाशी थांबली. थांबली म्हणजे खरंच थांबली, एक पाऊलसुद्धा आत आली नाही.

ऊन कलल्यावर अण्णांनी घराभोवती एक चक्कर मारली. भुवया जळालेल्या, हातात अजून तो डहाळा. फिरून आले आणि आत्यासमोर उभे राहिले. ती अंगणात बसली होती, गंजींकडे पाठ करून.

"ठकू, माळाकडची बाजू कशी राहिली?"

आत्या पायाशी पडलेली राख बोटानं सारत राहिली.

"इतकी वर्षं पट्टा जाळतेस. तीन बाजू जाळल्यास आणि वाऱ्याची बाजू सोडलीस? अगं, शाळेतल्या पोराला कळतं हे." अण्णा मास्तर होते, चिडले की त्यांचा आवाज वर्गात असल्यासारखा चढायचा. शेजारची माणसं ऐकत होती. "डोकं ठिकाणावर होतं का तुझं?"

मी चार हातांवर उभी होते. आत्यानं मान वर केली. माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं अण्णांकडेच पाहिलं.

"ऱ्हाईलं, अण्णा," ती म्हणाली. "ध्येनात न्हाई आलं. चुकलं माजं."

एवढं एक वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. अण्णा, मी सांगितलं होतं. चार शब्द. सई माझ्या कडेवर होती, शेजारी बघत होते, अण्णांचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता, आणि मला भीती वाटली. चाळिशीची बाई, दोन मुलांची आई, मला वडिलांची भीती वाटली. मी ते वाक्य गिळलं. उतरताना वाटेत अण्णांनी माझ्याकडे वळून विचारलंसुद्धा, "तुझं फोनवर बोलणं झालं होतं ना? पट्ट्याचं काही म्हणाली होती का?"

मी म्हणाले, "नाही."

उद्या सांगू असं वाटलं होतं. उद्या आपोआप सोपा होईल असं माणसाला का वाटतं कोण जाणे.

त्या उन्हाळ्यात अण्णांनी दोनदा टेम्पो भरून कडबा धाडला. पालीच्या पुढं टेम्पो जात नाही. वरपर्यंत एकेक पेंढी डोक्यावरून न्यायची, साठ-पासष्टच्या बाईनं. तो पुरला नाही. चैत्रात दोन म्हशी गेल्या, वैशाखात उरलेल्या दोन. विकल्या म्हणजे पडत्या भावात, दावं सोडून दिल्यासारख्याच. ज्येष्ठात दत्तू तिला नसरापूरला घेऊन आला. आणि हे मला फार उशिरा कळलं, पण दत्तूला तसं सांगितलं होतं ते अण्णांनीच. "तिचं वय झालं, आता विसरते. वर एकटी ठेवू नकोस," असं. अण्णांचा शब्द त्या घरात खाली पडत नसे.

पुढच्या भाऊबीजेला ती आमच्याकडे ओवाळायला आली, एसटीनं, तुपाच्या डब्याशिवाय. अण्णा तिच्याशी फार मऊ बोलत होते, आजारी माणसाशी बोलतात तसं. आंघोळीचं पाणी गरम आहे, जपून, असं. ती मुकाट ऐकून घेत होती. मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते, आणि मला बाहेर जाववत नव्हतं. त्यानंतरच्या श्रावणात अण्णा गेले. शेवटच्या आठवड्यात म्हणाले होते, "ठकूकडे लक्ष ठेव. तिला आता भान राहत नाही." मी हो म्हटलं.

मी लक्ष ठेवलं. म्हणजे काय केलं? दर महिन्याला फोन, सणाला साडी. दत्तूकडे मोबाईल चटकन लागतो, कुठल्या दगडावर उभं राहावं लागत नाही. ती प्रत्येक वेळी तेच विचारायची. "वर गेलतीस का गं? झऱ्याला पाणी हाय का?" माघ आला की दत्तूच्या मागे लागायची, मला वर सोड, एक म्हस घेते, पट्टा जाळते. आणि दत्तू म्हणायचा, "आये, पट्टा तुज्याच्यानं ध्येनात ऱ्हायला असता तर आज आपुन वरच असतो." असं ती मला फोनवर हसत सांगायची. आणि मी फोनच्या या टोकाला हसायची. सहा वर्षं मी हसले.

या वर्षी काड्या आल्या तेव्हा सुहासनं चहा टाकू का विचारलं, आणि मी म्हणाले, "नको. मी नसरापूरला जाऊन येते." तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला मी हे सगळं त्याच वर्षी सांगितलं होतं. त्यानं तेव्हा एकदाच म्हटलं होतं, आत्याच्या मुलाला सांग, आणि मी आठ दिवस त्याच्याशी धड बोलले नव्हते.

स्वारगेटहून भोरची एसटी धरली. नसरापूरला दत्तूची दोन खोल्यांची चाळीतली जागा. रविवार होता, तो घरी होता. आत्या मागच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तिथून लांबवर, धुरकट, डोंगराची एक कड दिसते. मला बघून ती उठली नाही, हात पुढे केला आणि शेजारी बसवून घेतलं. दत्तूच्या बायकोनं चहा ठेवला. इकडचं तिकडचं झालं. मग दत्तूच म्हणाला, "तुमीच सांगा हिला, ताई. पुन्हा वर जायाचं म्हणती. परवा तिकडं वणवा लागला, तवापासनं डोस्क्यात घेतलंय. मामांनी शेवटी काय सांगितलं हुतं? हिला ध्यान ऱ्हात न्हाई. म्या कशी सोडू एकटी?"

आत्या तांदूळ निवडत होती.

मी म्हणाले, "दत्तू, ती विसरली नव्हती."

मी सांगितलं. फोन, माळाकडची बाजू, कपडे, फोटो, सगळं. अण्णांनी विचारलं तेव्हा नाही म्हणाले तेही. फोटो हा शब्द उच्चारताना मला माझीच किळस आली. दत्तूची बायको कप घेऊन दारात उभी राहिली होती. दत्तू माझ्याकडे पाहत नव्हता, आईकडे पाहत होता.

"आये, खरं हाय?"

आत्यानं सूप खाली ठेवलं. माझ्यावर रागावली. "कशापायी बोललीस?" म्हणाली. "पावण्यांसाठी म्या गवत ठिवलं. ते माजं मी ठिवलं. त्यात तुजं काय?"

"मग तवाच का न्हाई सांगितलंस तू?" दत्तूचा आवाज फुटला. "मामा समद्यांसमोर बोललं तुला. म्या बोलत आलो. सहा वर्सं."

"तुजा मामा पोरीला बोलला आसता," आत्या म्हणाली. "लेकरं बगत हुती तिची."

दत्तू उठला, दारापर्यंत गेला, परत आला, तिच्यापुढं उकिडवा बसला. त्यानं तिचा हात धरला नाही, तसं त्यांच्यात नाही. सुपातले चार खडे वेचून बाहेर टाकले. "येत्या माघात मीच सोडतो तुला वर," म्हणाला. "म्हस घिऊ. पट्टा आपुन दोगं मिळून जाळू. चारी बाजू."

मी आत्याच्या तोंडाकडे पाहत होते. मला तेच ऐकायचं होतं, त्यासाठीच मी आले होते. तिच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी आलं. ती त्या धुरकट कडेकडे बघत राहिली, बराच वेळ. मग तिनं साडी जराशी वर सरकवून गुडघा दाखवला. सुजलेला, तेलानं चकाकणारा, वर जुनं फडकं बांधलेलं.

"आता न्हाई चढवत रं," ती म्हणाली. "तांबडं फुटताना मोरीपतुर जायाचं तर भिताडाला धरती म्या. तुला दिसत न्हाई व्हय?" आणि मला म्हणाली, "चा घे. निवला."

मी चहा घेतला. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, दोनदा, आणि पुन्हा सूप पुढं ओढलं. रागावून मला घराबाहेर काढलं असतं तर मी सुखानं गेले असते.

दत्तू मला स्टँडवर सोडायला आला. एसटी येईपर्यंत आम्ही दोघं शेजारी उभे होतो. तो काही बोलेल म्हणून मी वाट पाहत होते आणि बोलू नये असंही वाटत होतं. गाडी लागली. मी पायरीवर चढले तेव्हा तो खालून म्हणाला, साधाच, ठपका ठेवल्यासारखा नाही, माहिती द्यावी तसा.

"मागल्या दिवाळीपतुर चढली आसती, ताई. धावत चढली आसती."